जुन्या विहारनौकेचा हिशेब

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, अशी मराठींत म्हण आहे. या दोन्ही कार्यांत आरंभींचा अंदाज आणि अखेरचा हिशेब यांची गांठ क्वचितच पडते, हा तिचा अनुभवसिद्ध अर्थ. ज्या देशांत समुद्रविहार ही केवळ कुबेरांचीच नव्हे, तर मध्यम स्थितींतील कुटुंबांचीहि हौस झाली आहे, त्या देशांतील लोकांनीं ही म्हण रचली असती, तर तींत तिसऱ्या एका कार्याची भर खास पडली असती : जुनी नौका पाहावी विकत घेऊन.

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यांत, प्युजेट साउंड नांवाचा समुद्राचा एक फांटा जमिनींत खोल शिरलेला आहे. सिॲटल शहर त्याच्याच कांठीं वसलेलें आहे. तेथून उत्तरेस लहानमोठ्या बेटांमधून वाट काढीत कॅनडाच्या व्हँकूव्हर बेटाच्या आडोशानें दूरवर जातां येतें आणि खुल्या महासागराच्या लाटा फारशा अंगावर येत नाहींत. दोहों बाजूंस सूचिपर्णी वृक्षांनीं झांकलेले डोंगर, मध्यें निवांत पाणी आणि सायंकाळीं नांगर टाकावयास जागोजाग खाड्या. अशा या प्रदेशांत मोटार-यॉट, म्हणजे यंत्रानें चालणारी व आंत राहण्याची सोय असलेली विहारनौका, बाळगण्याची हौस फार.

अशी कल्पना करावी कीं, या भागांतील एक शिक्षक नुकतेच सेवानिवृत्त झाले आहेत. मुलें मार्गाला लागलीं आहेत आणि जन्मभर काटकसर करून जमविलेली कांहीं शिल्लक गांठीं आहे. एके दिवशीं पतिपत्नींच्या दृष्टीस एक जाहिरात पडते. १९७४ सालची, ४२ फूट लांबीची नौका. दोन डिझेल यंत्रें, सागवानी डेक, दोन निजावयाच्या खोल्या, स्वयंपाकघर. किंमत ६० हजार डॉलर. तेवढ्याच लांबीची नवी नौका घ्यावयाची, तर याच्या कित्येक पट रक्कम मोजावी लागेल. तेव्हां हा सौदा स्वस्त कीं महाग, हा प्रश्न त्या दांपत्यापुढें उभा राहतो. प्रश्न एका कुटुंबाचा असला, तरी त्याचें उत्तर शोधतांना जुन्या वस्तूंच्या मोलाविषयीं जें कळतें, तें पुष्कळांच्या उपयोगीं पडण्याजोगें आहे.

प्रथम ही नौका कोणत्या कुळांतली, तें पाहूं. या वर्गाच्या नौकांना ‘ट्रॉलर’ म्हणतात. कारण त्यांचा घाट मासेमारीच्या मजबूत बोटींवरून घेतलेला आहे. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध घराणें ग्रँड बँक्स हें होय. हाँगकाँग येथील अमेरिकन मरीन या कारखान्यानें १९६० नंतरच्या दशकांत ह्या नौका बांधण्यास प्रारंभ केला. आरंभीं त्या लांकडाच्या असत. १९७३ सालीं कारखान्यानें लांकूड सोडून कांचतंतु व राळ यांच्या मिश्रणाचा, म्हणजे फायबरग्लासचा, सांचा स्वीकारला. बांधणी भक्कम, चाल मंद आणि आंतील लांकूडकाम सुबक, यामुळें त्यांचें नांव झालें. पन्नास वर्षांमागें बांधलेल्या त्यांतील अनेक नौका आजहि पाण्यावर आहेत. परंतु ‘पाण्यावर आहे’ आणि ‘सुस्थितींत आहे’ हीं दोन वाक्यें एकाच अर्थाचीं नव्हत.

मग जुनी नौका स्वस्त कां असते? तिचें वय झालें म्हणून, असें उत्तर सहज दिलें जाईल. परंतु तें अर्धेंच खरें आहे. खरें कारण असें कीं, जीं कामें पूर्वीच्या मालकांनीं वेळच्या वेळीं करावयास हवीं होतीं व केलीं नाहींत, तीं सर्व त्या नौकेच्या पोटांत सांठलेलीं असतात. किंमत कमी झालेली असते, ती या न केलेल्या कामांच्या बोजामुळें. विकत घेणारा नौका घेतो आणि तिच्याबरोबर एक अलिखित कर्जहि घेतो. त्या कर्जाची रक्कम जाहिरातींत छापलेली नसते. ती नौकेचें अंग तपासूनच वाचावी लागते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. नौकेची किंमत वयाप्रमाणें उतरते. तिचा खर्च मात्र उतरत नाहीं. धक्क्यावरील जागेचें भाडें फुटांवर आकारतात. नौका पाण्याबाहेर उचलण्याची मजुरी फुटांवर असते. तळाला लावावयाचा रंग तळाच्या क्षेत्रफळावर लागतो. यंत्राचा पंप बदलावयाचा झाला, तर पंप विकणारा दुकानदार ही नौका ६० हजारांना घेतली कीं ६ लाखांना, हें विचारीत नाहीं. म्हणजे, विकत घेतांना माणूस जुन्या वस्तूची किंमत देतो. परंतु संभाळतांना त्याला नव्या वस्तूचा खर्च करावा लागतो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, या म्हणीला इतकें चपखल उदाहरण दुसरें मिळणें कठीण.

लांबीच्या बाबतींत आणखी एक फसगत होते. ३६ फुटांची नौका आणि ४२ फुटांची नौका यांत अवघ्या सहा फुटांचें अंतर. म्हणजे एक-षष्ठांश वाढ. परंतु लांबीबरोबर रुंदी आणि उंचीहि त्याच प्रमाणांत वाढली, तर आकारमान घनाच्या नियमानें वाढतें. सहाचा घन २१६ आणि सातचा घन ३४३. म्हणजे लांबी शेंकडा सतरा वाढली असतां नौकेचें आकारमान शेंकडा एकोणसाठ वाढतें. साखळदंड, नांगर, यंत्रें, नळ, तारा हीं सर्व या वाढत्या वजनाच्या हिशेबानें लागतात. ‘थोडी मोठी घेतली तर काय बिघडलें’, असें ज्यास वाटतें, त्यानें हें घनाचें कोष्टक समोर ठेवावें.

आतां नौकेच्या अंगोपांगांकडे वळूं. लांकडी नौकेचा शत्रु खारें पाणी नसून गोडें पाणी आहे, हें ऐकून अनेकांस नवल वाटेल. समुद्राच्या खारटपणांत लांकूड कुजविणारी बुरशी सहसा वाढत नाहीं. पावसाचें पाणी मात्र डेकच्या सांध्यांतून झिरपून, जेथें वारा खेळत नाहीं अशा कोपऱ्यांत सांचतें व तेथें लांकूड मऊ पडूं लागतें. वरचा रंग तुकतुकीत असतो आणि आंत सुरीचें टोंक लोण्यांत शिरावें तसें शिरतें. लांकडाची जात व निगा चांगली असेल, तर तें पिढ्यान्‌पिढ्या टिकतें, हेंहि खरें. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील कुशल कारागिरांनीं मलबारी सागाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ सालीं पाण्यांत उतरली व ती आजहि इंग्लंडमध्यें हार्टलपूल येथें तरंगत आहे. परंतु तिच्या जीर्णोद्धाराला दहा वर्षांहून अधिक काळ आणि लक्षावधि पौंड लागले. साग टिकला, हा त्या कारागिरांचा गौरव. आणि त्याला टिकविण्यास एवढा पैसा लागला, हा या विषयाचा धडा.

फायबरग्लासला बुरशी लागत नाहीं, म्हणून तें अमर, अशी समजूत एके काळीं होती. अनुभव निराळा आला. वर्षानुवर्षें पाण्यांत राहिल्यानें वरच्या गुळगुळीत थरांतून पाण्याची वाफ सूक्ष्म प्रमाणांत आंत शिरते. आंत कांहीं कच्ची राहिलेली रसायनें असतात, तीं त्या पाण्यांत विरघळतात. आणि असा दाट द्राव तयार झाला, कीं तो बाहेरचें पाणी अधिकच ओढून घेतो. द्राक्षाचा मनुका पाण्यांत टाकला असतां फुगतो, त्यांतलाच हा प्रकार. तळावर फोड येतात व ते फोडले असतां आंबूस वासाचें पाणी निघतें. बहुधा या फोडांमुळें नौकेच्या जिवाला धोका नसतो. परंतु दुरुस्तीला वरचा थर सोलून, तळ महिनोगणती वाळवून, पुन्हां थर द्यावे लागतात आणि तेवढा काळ जमिनीवरील जागेचें भाडें चालूच राहतें.

याहून कपटी दुखणें डेकचें. या जुन्या नौकांवर फायबरग्लासच्या डेकवर सागवानी पट्ट्या स्क्रूंनीं बसविलेल्या असतात. दिसावयास डेक राजेशाही दिसतो; परंतु प्रत्येक स्क्रू म्हणजे खालच्या थराला पाडलेलें एक भोंक आणि अशीं भोंकें शेंकड्यांनींच नव्हे, तर हजारांनीं असतात. पट्ट्या झिजून पातळ झाल्या, सांध्यांतील रबरासारखा लेप सुटला, कीं पाणी स्क्रूच्या वाटेनें खालीं उतरतें व दोन थरांमधील लांकडी गाभा भिजवून कुजवितें. पाय ठेवतांच डेक किंचित् लवूं लागला, कीं समजावें, आंतली हाडें मऊ झालीं. सर्व पट्ट्या काढून, गाभा बदलून, डेक पुन्हां घालणें हें काम इतकें मोठें आहे कीं, नौकेच्या खरेदीच्या किंमतीचा मोठा हिस्सा एकट्या त्यांत जिरूं शकतो.

आणि एक दुखणें दुसऱ्याला कसें जन्म देतें, तेंहि पाहण्यासारखें आहे. या जुन्या ट्रॉलरांत तेलाच्या टाक्या बहुधा पोलादी असून त्या यंत्राच्या खोलींत, बाजूच्या डेकच्या अगदीं खालीं बसविलेल्या असतात. डेक गळूं लागला, कीं तें पाणी टाकीच्या माथ्यावर ठिबकतें व माथा गंजतो. टाकी गेली, तर ती बाहेर कशी काढावयाची? मध्यें यंत्र उभें असतें. म्हणून कित्येकदां टाकीसाठीं यंत्र हलवावें लागतें, नाहीं तर जुनी टाकी जागच्या जागीं कापून लहान लहान टाक्या आंत बसवाव्या लागतात. डेकच्या सांध्यांत वेळेवर भरावयाचा लेप स्वस्त असतो. तो न भरल्याचें देयक दहा वर्षांनीं यंत्राच्या खोलींत येतें.

यंत्रांची कथा मात्र थोडी आशादायक आहे. ग्रँड बँक्सच्या जुन्या नौकांत बहुधा फोर्ड लेहमन नांवाचीं १२० अश्वशक्तीचीं, सहा सिलिंडरांचीं डिझेल यंत्रें आढळतात. मूळ सांगाडा इंग्लंडमधील फोर्ड कारखान्याच्या मालमोटारीच्या यंत्राचा. तो अमेरिकेंतील लेहमन कारखान्यानें समुद्रावर चालण्याजोगा केला. हीं यंत्रें साधीं, संथ व दीर्घायुषी असून त्यांचे सुटे भाग अद्याप मिळतात. परंतु त्यांचे कुळाचार पाळावे लागतात. उदाहरणार्थ, इंधन फवारणाऱ्या पंपाला स्वतःचें वेगळें वंगण असतें व तें दर ५० तासांनीं बदलावयाचें असतें. हें काम किरकोळ आहे. परंतु तें वीस वर्षें कोणी केलेंच नसेल, तर पंप आंतून झिजलेला असतो.

येथें ग्राहकाची एक ठराविक चूक होते. ‘पन्नास वर्षांत यंत्र अवघें ३,००० तास चाललें आहे’, असें विक्रेता अभिमानानें सांगतो व ग्राहक हुरळून जातो. हिशेब केला, तर वर्षाला ६० तास. राहिलेला सर्व काळ तें यंत्र दमट हवेंत स्वस्थ बसलेलें होतें. डिझेल यंत्र कामानें जितकें झिजतें, त्याहून अधिक तें आळसानें बिघडतें. सिलिंडरांत गंज धरतो, रबरी भाग ताठर होतात, थंड करणाऱ्या नळ्यांत क्षार सांचतात. नियमानें चाललेलें आणि ज्याच्या तेलपाण्याची नोंदवही राखली आहे असें ६,००० तासांचें यंत्र या निद्रिस्त यंत्रापेक्षां पुष्कळदां अधिक भरंवशाचें असतें.

इंधनाची भीति नवशिक्यास सर्वांत जास्त वाटते. वस्तुतः या मंद नौकांत तो खर्च सर्वांत कमी चिंतेचा आहे. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्यानें १८७० नंतरच्या दशकांत टॉर्की येथें पाण्याचा लांब हौद बांधून, त्यांत नौकांच्या लहान प्रतिकृति ओढून, लाटा व वेग यांचा संबंध शोधला. या प्रकारच्या नौका पाणी कापीत नव्हे, तर बाजूस सारीत जातात. आणि वेग वाढला, कीं त्यांनीं स्वतःच उठविलेली लाट त्यांच्या वाटेंत टेकडीसारखी उभी राहते. पाण्याच्या रेषेवर मोजलेल्या लांबीच्या फुटांचें वर्गमूळ काढून त्यास १·३४ नें गुणलें असतां, ही टेकडी जेथें आडवी येते तो वेग नॉटमध्यें मिळतो. रेषेवरील लांबी ४० फूट असेल, तर तो सुमारें साडेआठ नॉट येतो. याच्या खालीं, सात नॉटनें जावें, तर समजा ५० अश्वशक्ति लागते. डिझेल यंत्राला दर अश्वशक्तीमागें तासाला सुमारें पंचमांश लिटर तेल पुरतें, म्हणजे तासाला दहा लिटर. तीच नौका साडेआठ नॉटनें हांकली, तर तेल दुप्पट किंवा त्याहूनहि अधिक जळतें. घाई न करणें हीच येथें बचत. याउलट, प्रत्येकीं ३०० अश्वशक्तीचीं दोन यंत्रें असलेली शीघ्रगति नौका पूर्ण जोरानें धांवली, तर तासाला सव्वाशें लिटरच्या आसपास तेल पिते. म्हणून जुन्या शीघ्रगति नौकेची किंमत याहूनहि कमी दिसली, तर तिचें कारण निराळें शोधावयास नको.

पाण्याखालचा एक खर्च मात्र विसरून चालत नाहीं. खाऱ्या पाण्यांत दोन भिन्न धातु एकमेकींशीं जोडलेल्या असल्या, कीं विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते व त्यांतील एक धातु झिजत जाते. सर हंफ्री डेव्ही यांनीं १८२४ सालीं ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांवर लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे बसवून तांबें वांचविण्याची युक्ति सुचविली. तांबें वांचलें, परंतु झिजणाऱ्या तांब्याच्या विषारीपणामुळें जे शेवाळ आणि शिंपले दूर राहत, ते आतां तळावर मुक्तपणें वाढूं लागले व जहाजांची गति मंदावली. एका बाजूची बचत दुसऱ्या बाजूनें वसूल होते, हें समुद्राचें शास्त्र तेव्हांच सिद्ध झालें. तरी डेव्हींची युक्ति टिकली. आजहि प्रत्येक नौकेच्या पंख्याजवळ व सुकाणूंजवळ जस्ताचे तुकडे बसवितात. ते झिजावयासाठींच असतात आणि बहुधा दरसाल बदलावे लागतात. ज्या मालकानें ते बदलले नाहींत, त्याच्या नौकेचा पंखा, दांडा व तळांतील पाण्याच्या तोट्या यांनीं त्या तुकड्यांची जागा घेतलेली असते. जुन्या पितळी तोटींतील जस्त निघून गेलें, कीं ती गुलाबी दिसूं लागते आणि हाताच्या झटक्यानें मोडते. ती नौका धक्क्याला बांधलेली असतांनाहि बुडूं शकते.

येथें हा प्रश्न केवळ पैशांचा राहत नाहीं. जुन्या नौकेंत पेट्रोलचीं यंत्रें असतील, तर धोका आणखी वाढतो. कारण पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळें ती तळाशीं सांचून राहते व एका ठिणगीनें भडका उडतो. म्हणून तशा नौकांवर यंत्र सुरू करण्यापूर्वीं चार मिनिटें पंखा लावून तळघरांतील हवा बाहेर काढण्याची सूचना लिहिलेली असते. रस्त्यावर मोटार बंद पडली, तर माणूस खालीं उतरून चालूं लागतो. समुद्रावर ती सोय नाहीं. जुन्या तारा, झिजलेले नळ, फुटका धूरमार्ग यांवर होणारा खर्च हा चैनीचा नव्हे, प्राणरक्षणाचा खर्च होय. आणि शिल्लक थोडी उरली असतां नेमका हाच खर्च पुढें ढकलण्याचा मोह होतो.

एवढें सर्व ग्राहकानें ओळखावें कसें? त्यासाठीं नौकांची तपासणी करणारे तज्ज्ञ असतात. तज्ज्ञ ग्राहकानें स्वतः निवडावा. विक्रेत्याच्या किंवा दलालाच्या शिफारशीवर विसंबूं नये. तपासणी समाधानकारक ठरली तरच खरेदी पक्की, अशी अट करारांत आधींच घालावी. तज्ज्ञ नौका पाण्याबाहेर काढवितो, लहान हातोडीनें तिचें अंग ठोकून पाहतो. मडकें विकत घेतांना गृहिणी जशी टिचकी मारून पाहते, तसाच हा प्रकार : टणक आवाज निरोगी अंगाचा, बद्द आवाज कुजलेल्या गाभ्याचा. मग तो ओलावा मोजण्याचें यंत्र लावतो, तारा व तोट्या पाहतो. यंत्रांसाठीं निराळा कारागीर घ्यावा. त्यानें यंत्राचें तेल पृथक्करणास पाठवावें आणि नौका समुद्रावर नेऊन यंत्रें पूर्ण जोरानें चालवून पाहावीं. यासाठीं जो खर्च येतो, तो सौदा मोडला तर बुडतो, म्हणून अनेकांस खटकतो. परंतु वाईट सौदा मोडण्यासाठीं दिलेले पैसे हे या सर्व व्यवहारांतील सर्वांत फलदायी पैसे होत. शिवाय, जुन्या नौकेचा विमा उतरविणाऱ्या कंपन्याहि बहुधा असा अहवाल मागतातच.

आतां वर्षाकांठच्या खर्चाचा अंदाज. नौकेच्या किंमतीच्या शेंकडा दहा, असा एक ठोकताळा सर्वत्र सांगितला जातो. नव्या नौकेस तो कदाचित् लागू पडेल; जुन्या नौकेस तो लावणें म्हणजे स्वतःची फसवणूक करणें होय. कारण मघाशीं सांगितल्याप्रमाणें खर्च फुटांवर चालतो, किंमतीवर नव्हे. म्हणून टक्केवारी सोडून प्रत्येक बाबीचा दर त्या त्या ठिकाणीं विचारून यादी करावी : जागेचें भाडें, विमा, दरसाल अगर वर्षाआड तळाचा रंग, जस्त, तेल व गाळण्या, थंडीच्या दिवसांतील व्यवस्था, आणि अखेरीस ‘अकल्पित’ या सदराखालीं एक मोठी रक्कम. अनुभवी मालक सांगतात कीं, अकल्पित हेंच एक सदर दरसाल नियमानें येतें.

आतां त्या शिक्षकांपुढें दोन नौका ठेवूं. आंकडे केवळ उदाहरणादाखल धरावे. पहिली जाहिरातींतली, ६० हजारांची, पण दुर्लक्षित. तपासणीस २ हजार, लगेच करावयाच्या कामांस २५ हजार आणि पुढें दरसाल १५ हजार, असे पांच वर्षांचे ७५ हजार. एकूण १ लाख ६२ हजार. पांच वर्षांनीं ती ४५ हजारांस विकली, तर निव्वळ खर्च १ लाख १७ हजार. दुसरी नौका त्याच वयाची, त्याच घाटाची, परंतु पहिल्यापासून निगा राखलेली; किंमत ९० हजार. तपासणीस २ हजार, आरंभींच्या कामांस ५ हजार, दरसाल ११ हजारांप्रमाणें ५५ हजार; एकूण १ लाख ५२ हजार. तिला पुढें ७५ हजार आले, तर निव्वळ खर्च ७७ हजार. जी नौका ३० हजारांनीं महाग दिसत होती, ती पांच वर्षांत ४० हजारांनीं स्वस्त पडली. शिवाय पहिल्या नौकेवरील पहिला उन्हाळा दुरुस्तीच्या आवारांत जाईल, तो निराळाच.

शेवटचा भागाकार दिवसांचा. कोंकणांत पावसाळ्याच्या तोंडावर होड्या ओढून ठेवतात व नारळी पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला नारळ वाहून पुन्हां पाण्यांत घालतात. तशीच उत्तरेकडील समुद्रांवर हिवाळ्याची सुट्टी पडते. राहिलेल्या महिन्यांत नौका किती दिवस वापरली जाते? दुसऱ्या, चांगल्या नौकेचा खर्च वर्षाला १५,४०० डॉलर पडतो. ती वर्षांत ३० दिवस वापरली, तर दर दिवसास ५०० डॉलरांहून अधिक पडतात व तेल निराळें. ९० दिवस वापरली, तर हाच आंकडा १७१ वर येतो. ज्याला वर्षाकांठीं दोन-तीन आठवडेच सवड आहे, त्यानें नौका भाड्यानें घेऊन विहार करावा आणि धक्क्यावर ठेवून निघून जावें, हें शहाणपणाचें. मालकी शोभते ती ज्याच्याजवळ वेळ आहे, हातांत कसब आहे आणि डागडुजी हाच ज्याच्या आनंदाचा भाग आहे, त्याला. आपल्या हातानें रंग, लेप व तेल पाहणारा माणूस मजुरी तर वांचवितोच. शिवाय दुखणें लहान असतांनाच तें त्याच्या दृष्टीस पडतें.

आणखी एक खर्च असा आहे, कीं ज्याचा विचार घेतांना कोणी करीत नाहीं : सोडतांनाचा. फायबरग्लास कुजत नाहीं, वितळवून पुन्हां वापरतां येत नाहीं. मोडीत काढावयाचें, तरी पदरचे पैसे द्यावे लागतात. म्हणून खर्च झेपेनासा झाला, कीं नौका फुकट देण्याच्या जाहिराती झळकूं लागतात आणि घेणारा न मिळाल्यास ती एखाद्या खाडींत बेवारशी पडते. वॉशिंग्टन राज्याला अशा बेवारशी नौका उचलण्यासाठीं २००२ सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला. फुकट मिळालेली नौका हीच बहुधा सर्वांत महाग नौका असते, असें तेथील जाणते लोक म्हणतात, तें याच अनुभवावरून.

मग त्या दांपत्यानें स्वप्न सोडून द्यावें काय? तसें नव्हे. त्यांनीं आपल्याजवळील रकमेचे दोन भाग करावे : एक खरेदीचा आणि दुसरा, तितकाच मोठा, पहिल्या दोन-तीन वर्षांच्या कामांचा. दुसरा भाग हातीं उरत नसेल, तर अधिक लहान नौका पाहावी, अधिक जुनी नव्हे. नोंदवही नसलेली नौका दिसावयास कितीहि सुरेख असली, तरी ती सोडावी. आणि विक्रेता जर आपल्या नौकेचे दोष आपण होऊन सांगूं लागला, तर त्याचें बोलणें शांतपणें शेवटपर्यंत ऐकावें. कारण दोष ठाऊक असलेला मालक म्हणजे नौकेकडे पाहणारा मालक. तशा माणसाच्या हातून घेतलेली पन्नास वर्षांची नौका कदाचित् थोडी महाग पडेल. परंतु एखाद्या सायंकाळीं बेटांच्या आडोशाला नांगर टाकल्यावर, खालच्या तोट्या घट्ट आहेत आणि सकाळीं यंत्र सुरू होणार आहे, या खात्रीनें त्या दोघांना झोंप लागेल. जुन्या नौकेंत विकत घ्यावयाची वस्तु कोणती, असें कोणी विचारलें, तर ती हीच.